दुसऱ्याचे नाव देवापुढे

आषाढीला निघणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या गाठोड्यात एक ओझे असे असते, की ते कोणत्याही काट्यावर भरत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी आळीतील म्हातारी दाराशी येते नि म्हणते, "बाबा, आता मला काही चालवत नाही. माझ्या नावाने पांडुरंगाच्या पायावर डोकं ठेव." कोणी लेकीचे गाऱ्हाणे सांगतो, कोणी आजारी नातवाचे. आपण सर्वांना "बरं, सांगतो" म्हणतो. पुढे पंढरीत पोहोचल्यावर त्या दाटीत, पायावर डोके टेकते न टेकते तोच मागचा ढकलतो. त्या क्षणी आपल्याला त्यांतील किती नावे आठवतात, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे. मी माझ्यापुरते सांगतो. पुष्कळदा एकही आठवलेले नाही.

दुसऱ्याचे नाव देवापुढे नेणे ही आपल्याकडे अशी वर्षाकाठी एकदा, निरोपाच्या रूपाने घडणारी गोष्ट आहे. ख्रिस्ती लोकांनी तिला रोजच्या नेमात बसविले आहे. त्या नेमाचा आज थोडा विचार करावयाचा आहे. परक्याच्या घरातील चांगली रीत पाहिल्याने आपली तुळस सुकत नाही. उलट आपल्या अंगणात काय उगवायचे राहिले आहे ते कळते.

हा विचार मला सुचला तो इस्पितळात. पाय घसरून पडलो आणि तीन आठवडे खाटेवर होतो. रात्रपाळीला एक ख्रिस्ती सिस्टर असे. एके रात्री औषध देऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी घरी गेले की माझ्या वॉर्डातल्या माणसांसाठी प्रार्थना करते. तुमची हरकत नसेल तर घरच्यांची नावं सांगा, त्यांच्यासाठीही करीन." मी म्हटले, "बाई, हरकत कसली? देव तुमचा काय नि आमचा काय!" आणि नावे सांगितली. मंडळींचे, मुलाचे, सुनेचे, नातवंडांचे, बहिणीचे, भाच्याचेसुद्धा. तिने ती कागदाच्या तुकड्यावर लिहून घेतली आणि ती गेली. मग माझ्या ध्यानात आले की मी माझ्या पाठच्या भावाचे नाव सांगितले नव्हते. बांधाच्या वादापायी आमचे अकरा वर्षे बोलणे नाही. विसरलो म्हणता आले असते. पण मी विसरलो नव्हतो. नाव जिभेपर्यंत आले होते, ते मी गिळले. त्याच संध्याकाळी पडल्या पडल्या मी हरिपाठ म्हटला होता, शेवटी पसायदानही म्हटले होते. साऱ्या भूतमात्रांसाठी मागून झाले होते. आणि एका पाठच्या भावाचे नाव काही तोंडातून निघाले नाही!

असो. आधी ख्रिस्ती लोकांची रीत काय आहे ते पाहू. ख्रिस्ताने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली ती मुळातच बहुवचनी आहे. तीत बाप 'माझा' नाही, 'आमचा' आहे. भाकरी मागायची तीही सर्वांसाठी. एकटा मनुष्य दार लावून म्हणू लागला, तरी त्या शब्दांत शेजारी आपोआप येऊन बसतो. पुढे प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आज्ञा आहे की सर्व माणसांसाठी, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी देवाजवळ मागणे करावे. त्या काळी राज्य रोमन बादशहाचे होते. तो काही ख्रिस्ती नव्हता, आणि या लोकांवर त्याची मेहेरनजरही नव्हती, हे लक्षात घ्यावे. कॅथॉलिक लोकांच्या मिस्सेत चर्चसाठी, राज्यकर्त्यांसाठी, दुःखितांसाठी आणि आपल्या गावच्या मंडळीसाठी क्रमाने मागण्याची जुनी चाल मध्यंतरी लोपली होती. ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या ठरावाने पुन्हा सुरू झाली. वसईकडच्या घरांतून संध्याकाळी जपमाळ होते, तीही कोणाचा तरी हेतू मनात धरून होते. प्रॉटेस्टंट घरांतून काही जण एक वही ठेवतात. तीत नावे असतात: आजारी, परीक्षेला बसलेला, परगावी गेलेला, रुसलेला. सकाळी वही उघडायची आणि एकेक नाव घ्यायचे. कॅथॉलिक लोक मेलेल्यांसाठीही मागतात, २ नोव्हेंबर हा दिवस तर त्यासाठीच ठेवलेला आहे. प्रॉटेस्टंट बहुधा तसे करीत नाहीत. या सगळ्याला मराठी ख्रिस्ती माणूस 'मध्यस्थी' म्हणतो.

आता शंका. पहिली शंका आपल्यापैकी कोणाच्याही मनात येईल. देव जर अंतर्यामी आहे, तर त्याला सांगायचे काय? म्हातारीचा गुडघा दुखतो हे पांडुरंगाला माझ्याकडून कळायचे आहे काय? आणि तो जर दयाळू आहे, तर माझ्या शिफारशीवाचून त्याची दया अडून बसली आहे काय? ही शंका ख्रिस्ती लोकांनाही जुनी आहे. ज्या शिकवणीत मागावयास सांगितले आहे त्याच शिकवणीत, तुम्ही मागण्यापूर्वीच तुमची गरज पित्याला ठाऊक असते, असेही ख्रिस्ताने सांगून ठेविले आहे. तेराव्या शतकात, म्हणजे आपल्या माउलींच्या थोडे अगोदर, थॉमस अक्वायनस या पंडिताने याचे उत्तर दिले. त्याचा आशय असा: आपण प्रार्थना करतो ती देवाचा बेत बदलण्यासाठी नव्हे. काही गोष्टी प्रार्थनेच्या द्वारेच घडाव्यात असे देवानेच योजले आहे. त्या तशा घडाव्यात म्हणून आपण प्रार्थना करतो.

शेतीचा दृष्टान्त घ्या. पीक देणारा देव, हे आपण सारेच म्हणतो. म्हणून कोणी पेरणी सोडून घरी बसत नाही. पेरणे हे देवाला शिकविणे नव्हे, त्याच्या योजनेत आपला वाटा उचलणे आहे. लेकराला भूक लागली हे आईला ठाऊक असते. तरी थोरल्याने येऊन "आई, बाळाला भूक लागलीय" म्हटले, तर तिला राग येतो का? तिला दुहेरी समाधान होते. धाकट्याचे पोट भरतेच, पण थोरल्याला धाकट्याची भूक कळू लागली, हेही ती पाहते.

दुसरी शंका आजकालच्या माणसाची. याचा उपयोग होतो का, मोजून दाखवा. हे मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. इंग्लंडात १८७२ साली फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने एक युक्तिवाद मांडला. राजाच्या दीर्घायुष्यासाठी देशभर देवळांतून प्रार्थना होते. मग राजे इतरांहून जास्त जगतात काय? त्याने निरनिराळ्या सुखवस्तू वर्गांची आयुर्माने काढली, तर राजांचेच सर्वांत कमी भरले! अमेरिकेत २००६ साली याहून काटेकोर चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. सहा इस्पितळांतील हृदयाच्या शस्त्रक्रियेचे १,८०२ रोगी घेतले. त्यांचे तीन गट केले आणि दोन गटांसाठी अनोळखी ख्रिस्ती लोकांकडून नावानिशी प्रार्थना करविली. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे निश्चित सांगितले नव्हते, त्यांत प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना नंतर काही ना काही उपद्रव झाला, न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. आणि ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना खात्रीने चालली आहे असे सांगितले होते, त्यांत तो आकडा ५९ टक्के निघाला.

भाविकाने यावर कानांवर हात ठेवू नयेत. आकडे खरे आहेत असे धरूनच विचार करावा. त्यांतून एवढे निश्चित ठरते की प्रार्थना हे काही औषधाच्या बाटलीसारखे मात्रेने द्यावयाचे द्रव्य नव्हे. जो ती तशी वापरू पाहील त्याच्या हाती काही लागणार नाही. आणि ज्याचा मुलगा वाचला नाही त्याला "तुमची श्रद्धा कमी पडली" असे म्हणणारा, मग तो कोणत्याही पंथाचा असो, जखमेवर मीठ चोळतो. देवाला तराजूत बसवावयाचे नाही, तसे दुःखी माणसालाही बसवावयाचे नाही.

मग मागणे फुकट गेले का? येथे ख्रिस्ती परंपरेतील एका आईची गोष्ट सांगण्याजोगी आहे. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याकडील मोनिका. तिचा मुलगा ऑगस्टीन, जन्म इसवी सन ३५४, बुद्धीने अफाट, पण वागणुकीने आणि मताने आईपासून दूर गेलेला. ही माउली वर्षानुवर्षे त्याच्यासाठी रडली. ३८३ साली तो रोमला निघाला, तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून तिने किनाऱ्यावरील देवळात रात्रभर प्रार्थना केली. आणि त्याच रात्री तो तिला चकवून गलबतात बसून निघून गेला. मागितले ते मिळाले नाही. पण रोमहून तो मिलानला गेला, तेथे आम्ब्रोज या बिशपाची गाठ पडली आणि ३८६ साली त्याचे जीवन पालटले. पुढे स्वतः ऑगस्टीनने आत्मनिवेदनात लिहून ठेविले, की आईने त्या रात्री जे मागितले ते देवाने नाकारले, कारण ती जे नेहमी मागत होती ते त्याला द्यावयाचे होते. दुसऱ्यासाठी मागणाऱ्याने हे ध्यानात धरावे. त्याचे भले व्हावे हे आपण मागावे. ते कोणत्या वाटेने व्हावे हे आपण ठरवू नये.

यातूनच तिसरी शंका निघते, आणि ती बोलून दाखविणे प्रामाणिकपणाचे आहे. ख्रिस्ती मनुष्य माझ्यासाठी प्रार्थना करतो तेव्हा मी ख्रिस्ती व्हावे एवढेच तर तो मागत नाही ना? काही मागतही असतील. त्यांच्या धर्मात तशी इच्छा धरणे त्यांना कर्तव्य वाटते. आपल्यालाही शेजाऱ्याने माळ घालावी असे वाटतेच की! परंतु दुसऱ्याने माझ्यासारखे व्हावे असे वाटणे आणि त्याचे भले व्हावे असे वाटणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत 'मी' मोठा होतो, दुसरीत तो. पालखीच्या वाटेवर यवत आणि वरवंडच्या दरम्यान चौफुल्याजवळून आपण चालतो, तेथून केडगाव जवळ आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या आरंभी रोज जमून प्रार्थना करण्यास मुलींना बोलाविले, आणि सुमारे ७० जणी पुढे आल्या. मागणे हे, की हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे. आणि त्यांत रमाबाईंनी स्वतःलाही धरले होते. नाव ख्रिस्ती लावून भागत नाही, मन पालटले पाहिजे, ही त्यांची स्वतःच्या घरासाठी मागणी होती. धर्म कोणताही असो, दुसऱ्याच्या सुधारणेसाठी हात जोडताना त्या यादीत पहिले नाव आपले असावे, हा धडा घेण्यासारखा आहे.

चौथी शंका सर्वांत कठीण. देवाजवळ मागणे ही हात न हालविण्याची सबब तर नव्हे? "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" म्हणायला पैसा पडत नाही. बायबलातच याकोबाच्या पत्रात यावर सणसणीत कोरडा ओढला आहे. उघड्या आणि उपाशी माणसाला, सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव, असे नुसते म्हटले आणि दिले काहीच नाही, तर त्याचा काय उपयोग, असे तेथे विचारले आहे. आपल्याला हे सांगावे लागू नये. नाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा आपण लेकरांना सांगतो. त्या गाढवासाठी नुसता श्लोक म्हणून नाथ पुढे गेले असते तर आज ती कथाच उरली नसती. तात्पर्य, जेथे हात पोहोचतो तेथे आधी हात गेला पाहिजे. मागणे हे हाताच्या पलीकडच्यासाठी आहे, आणि हात उचलण्याचे बळ यावे यासाठी आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. शत्रूसाठी मागणे. ख्रिस्ताने छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करावयास सांगितले, आणि क्रूसावर स्वतः केलीही. हे ऐकायला गोड, करायला विष गिळण्याइतके अवघड. फ्रान्समध्ये लिझ्यू गावी तेरेज नावाची एक मुलगी होती. पॅरिसमध्ये दोन स्त्रिया आणि एक लहान मुलगी यांचा खून केल्याबद्दल १८८७ साली प्रांझिनी नावाच्या मनुष्याला देहान्ताची शिक्षा झाली. सारा देश त्याच्या नावाने बोटे मोडीत होता. १४ वर्षांच्या या मुलीने त्याला आपला मानून त्याच्यासाठी प्रार्थना धरली. तो सुटावा असे तिने मागितले नाही. तो पश्चात्तापावाचून मरू नये, एवढेच मागितले. ३१ ऑगस्टला त्याचा शिरच्छेद झाला. त्यापूर्वी अखेरच्या क्षणी त्याने धर्मगुरूच्या हातातील क्रूसाचे चुंबन घेतले, असे तिने दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले. खुनाला खून म्हणायचे, शिक्षेला शिक्षा म्हणायचे, आणि तरीही त्या माणसाला देवाच्या दाराबाहेर ढकलायचे नाही, हे त्या पोरीला साधले.

डीट्रिख बोनहोफर हा जर्मन पाद्री हिटलरच्या राजवटीत तरुण धर्मशिक्षकांची एक शाळा चालवीत असे. ती १९३७ साली पोलिसांनी बंद केली आणि १९४५ च्या ९ एप्रिलला त्याला फाशी दिले. त्या शाळेतील एकत्र राहण्यावर त्याने १९३८ साली एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात त्याचा अनुभव असा, की ज्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो त्याचा द्वेष मला फार दिवस चालविता येत नाही. त्याचा परका, असह्य वाटणारा चेहरा पालटून क्षमा झालेल्या भावाचा चेहरा दिसू लागतो. अठराव्या शतकात विल्यम लॉ या इंग्रज धर्मगुरूनेही हेच एका पात्राच्या द्वारे सांगितले. तो गृहस्थ भला, पण दुसऱ्याची उणी कानात कुजबुजण्याची त्याला खोड. एकाने त्याला सांगितले, "घरी जा आणि ज्याच्याविषयी बोललास त्याच्यासाठी देवाजवळ मनापासून माग." तो हे करू लागला आणि त्याची खोड गेली. एकाच जिभेने सकाळी ज्याचे भले मागितले त्याचीच संध्याकाळी निंदा करणे, हे तिला जड जाऊ लागले.

येथे एक सूक्ष्म शंका राहते. मग दुसऱ्यासाठी मागणे म्हणजे आपल्याच मनाची मशागत झाली. दुसरा केवळ निमित्त! नाही. माझे मन निवावे एवढ्यासाठी मी भावाचे नाव घेऊ लागलो, तर ते भावासाठी मागणे झालेच नाही. तो माझा स्वार्थच, फक्त गंध लावून बसलेला. मन निवते ते खरेच, पण त्याचे भले खरोखर इच्छिले तरच निवते. ऊब हवी म्हणून कोणी चूल पेटवीत नाही. भाकरीसाठी पेटवितो, ऊब आपसूक येते.

जर्मनीत सॅक्सनी प्रांतात हेर्नहूट नावाचे गाव आहे. धर्मछळामुळे मोराव्हियातून पळालेली मंडळी तेथे १७२२ पासून येऊन राहिली. लवकरच त्यांच्यात भांडणे लागली. १३ ऑगस्ट १७२७ रोजी त्यांनी एकत्र प्रभुभोजन घेऊन समेट केला, आणि २७ ऑगस्टपासून २४ पुरुष नि २४ स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेऊन अखंड प्रार्थनेचा पहारा सुरू केला. तो शंभरावर वर्षे चालला. हे वाचताना आपल्याला नवल वाटणार नाही. सप्ताहात वीणा खाली ठेवायचा नसतो. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, रात्री दोन वाजता पहारेकरी डुलक्या सावरीत उभा असतो. पहारा आपल्याला ठाऊक आहे. पण त्या लोकांचा क्रम पाहा: आधी समेट, मग पहारा. ज्याच्या गळ्यातून वीणा घ्यायचा त्याच्याशी बोलणे नाही, असे आपल्या सप्ताहात कधी घडतच नाही काय?

आपल्याला काही नवे शिकावयाचे आहे असे नव्हे. शके १२१२, म्हणजे १२९० साली, माउलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी विश्वात्मक देवाजवळ जे मागितले, त्यात स्वतःसाठी धन, मान, राज्य काही नाही. आणि मागण्याच्या आरंभीच, दुष्टांचा नाश नव्हे, त्यांच्यातील वाकडेपणा जावो आणि जीवांमध्ये मैत्री जडो, असे आहे. याहून थोर मध्यस्थी मी पाहिलेली नाही. उणे आहे ते आपल्या म्हणण्यात. सर्व जीव म्हणताना जीभ अडखळत नाही, कारण सर्व जीवांनी आपला बांध कोरलेला नसतो. बांध कोरणाऱ्याला एक नाव असते, आणि ते नाव घेताना जीभ अडते. ख्रिस्ती माणसाच्या त्या वहीपासून घ्यायचे ते एवढेच: विश्वाच्या मागण्यात रोज एक नाव घालून पाहावे, आणि शक्य तर जे घेववत नाही तेच.

सिस्टरचा हिशेबही सांगून टाकतो. दुसऱ्या रात्री मी तिला म्हटले, "बाई, काल एक नाव राहिलं." तिने कारण विचारले नाही. कागद काढला आणि खाली लिहून घेतले. तेव्हापासून संध्याकाळी पसायदान झाल्यावर मी ते नाव घेतो. पहिले कित्येक दिवस नुसते शब्द होते. मनात वकिलाची नोटीसच दिसे. अलीकडे कधी कधी लहानपणी ओढ्यात पोहायला शिकविलेले ते पोर दिसते. वाद अजून मिटलेला नाही. बांध कोणाचा हे कागदांवरून ठरेल ते ठरो. पण यंदा कार्तिकीला निघताना त्याच्या दारावरून जाईन, आणि विचारीन, "पंढरीला निघालोय, काही सांगायचंय का?" तो दार लावून घेईल कदाचित. लावून घेतले तरी त्याचा नमस्कार मी नेणार आहे.

वारकरी बंधुभगिनींनो, आपल्या गाठोड्यातील निरोपांचे ओझे हलके समजू नका. एका चिठोऱ्यावर नावे लिहून घ्या. कळसाचे दर्शन होताच ती एकदा वाचा. आणि ज्याने निरोप दिलाच नाही, देणारही नाही, त्याचे नाव आपल्या हाताने शेवटी लिहा.

रामकृष्णहरि.